परदेशी जाणं परवडतं की नाही, ते मुंबईतच ठरतं

संपादक,
स.न.वि.वि.

आखातात नोकरीला गेलेल्या मुलांची फसवणूक झाली, की वर्तमानपत्रांत दोन-चार दिवस बातम्या येतात. माणसं का गेली याचं उत्तर त्यात ठरलेलं असतं: गावाकडची गरिबी, बेकारी, नाहीतर पैशाची हाव. पाठोपाठ 'इथेच काहीतरी करा' असा सल्लाही येतो. हे उत्तर अर्धं आहे. अर्धं उत्तर धरून बसल्यामुळे उपायही भलत्याच ठिकाणी शोधले जातात, म्हणून थोडं सविस्तर लिहीत आहे.

सगळ्यांत गरीब माणूस परदेशी जात नाही. त्याला ते झेपतच नाही. पासपोर्ट, मेडिकल, मुंबईच्या पाच-सहा खेपा, एजंटाचे पैसे, आणि पगार सुरू होईपर्यंत घरी चूल पेटती ठेवणं, हे सगळं उसनवारीवर चालतं. ज्याला गावात कुणी उधार देत नाही, तो फार तर पुणे-मुंबई गाठतो. आखातात जातो तो माणूस थोडा वरच्या पायरीवरचा असतो. गहाण ठेवायला बायकोचा दागिना असतो, आंब्याची चार कलमं असतात, किंवा आधी गेलेला एखादा मामा नाहीतर चुलता असतो. खेड, मंडणगड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, महाड या भागात वाडीच्या वाडी एकाच देशात, कधी कधी एकाच शहरात सापडते ती यामुळेच. पहिला गेलेला माणूस दुसऱ्याला कंपनीचं नाव सांगतो, कफील, म्हणजे तिकडचा हमीदार मालक, कसा आहे ते सांगतो, पहिल्या महिन्यात झोपायला जागा देतो. शेजारच्या तालुक्यात तेवढीच गरिबी असूनही तिथून कुणी जात नसेल, तर तिथे दार उघडणारा पहिला माणूस नव्हता, एवढंच कारण असतं.

ही वाटही आजची नाही. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा 'गल्फ रुपया' छापला होता. कुवेत, बहरीन, कतार आणि आजच्या अमिरातींच्या बाजारात तो पुढची काही वर्षं चालत होता. बहरीनमध्ये १९३२ साली, तर सौदी आणि कुवेतमध्ये १९३८ साली तेल लागलं. १९७३ साली तेलाचे भाव कित्येक पटींनी चढले आणि रस्ते, बंदरं, वसाहती बांधायला माणसं हवी झाली. इकडे १९८२च्या संपानंतर कोकणाचा जुना आसरा, म्हणजे गिरणी, मोडत गेला. मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांना दुसरा कुठून तरी पैसा हवा होता.

दुसरी बाजू आपण बघतच नाही. माणसं जातात, कारण पलीकडे कुणाला तरी ती हवी असतात. अमिरात आणि कतारमध्ये दर दहा रहिवाशांत जवळजवळ नऊ परदेशी आहेत. त्यांना कामगार हवा असतो, पण तो कायमचा राहायला नको असतो. त्यासाठीच कफाला ही पद्धत आहे: माणसाचा राहण्याचा परवाना एका मालकाला बांधलेला. काम सुटलं की राहण्याचा हक्कही धोक्यात. पुढच्या बहुतेक भानगडींचं मूळ याच एका गाठीत आहे.

आता माणूस नेमका कशासाठी जातो? रोजच्या हजेरीसाठी नाही. कोकणात आज हाताखालच्या मजुरालाही बरी हजेरी मिळते. पण पावसाचे चार महिने बांधकाम बंद, आणि जे मिळतं ते हाताला लागून संपतं. स्लॅबचं घर, बहिणीचं लग्न, ऑपरेशन, गहाण सोडवणं, यांना एकदम दोन-तीन लाख लागतात आणि तेवढं कर्ज मजुराला कुठलीही बँक देत नाही. आखातातली नोकरी ही त्याच्या दृष्टीने सक्तीची बचत असते. राहायला कंपनीची खोली, न्यायला-आणायला कंपनीची बस, खर्चाला वाव कमी, आणि पगार बारा महिने. हे गणित वेडेपणाचं नाही. ते कुठे बिघडतं, ते आकड्यांत मांडतो.

समजा सौदीत हेल्परला महिना १,००० रियाल मिळतात. रियाल २२ रुपये धरला तर २२,००० रुपये. जेवण स्वतःचं असेल तर २५० रियाल त्यात जातात, फोन-साबण-दाढीचे ७५. उरले साधारण १५,०००. त्यातले ७,००० घरखर्चाला दिले तर कर्जफेडीला ८,००० राहतात. जाताना एजंटाला सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे १,२०,००० दिले असतील आणि ते गावातल्या सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी घेतले असतील, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ३,६०० होतं. महिना ८,००० भरत गेलं तर कर्ज फिटायला वीस महिन्यांहून थोडं जास्त लागतं आणि एकूण सुमारे १,६२,००० रुपये जातात. पहिले दोन पगार लांबले, आणि ते पुष्कळदा लांबतात, तर चोविसावा महिना उजाडतो. करार दोन वर्षांचा असतो. म्हणजे अख्खा करार कर्जापायी संपला.

महिना १५,००० प्रमाणे दोन वर्षांत हाताशी लागले ३,६०,०००. त्यातून कर्जाचे १,६२,००० वजा केले तर १,९८,०००. हाच माणूस गावी राहून ८०० रुपये हजेरीने महिन्याला २२ दिवस, वर्षातले आठ महिने कामावर गेला, तर दोन वर्षांत २,८१,६०० कमावतो. स्वतःच्या खाण्याचे महिना ३,५०० काढले तरी १,९७,६०० उरतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ४५ अंश उन्हातली दोन वर्षं आणि घराचं तोंड न बघणं, या सगळ्याची किंमत चारशे रुपये.

आता तोच माणूस कायदेशीर खर्चात गेला असं धरू. नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. तेवढेच कर्ज त्याच व्याजाने काढलं तर पाच महिन्यांत फिटतं आणि साडेअडतीस हजारांत भागतं. दोन वर्षांनी हातात तीन लाख वीस हजारांच्या वर राहतात. पगार तोच, साईट तीच, ऊन तेच. फरक फक्त विमानात बसण्याआधी दिलेल्या ८५,००० रुपयांचा.

हे ८५,००० जातात कुठे? सौदीच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च, अकामा (राहण्याचा परवाना), वर्क परमिट आणि परतीचं तिकीट मालकाच्या माथी आहे. अमिरातीतही भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला बंदी आहे. मग गावात 'व्हिसाचे पैसे' म्हणून जे मागतात, ते व्हिसा विकल्याचे असतात. एखादा कफील गरजेपेक्षा जास्त व्हिसा काढतो आणि ते दलालाला विकतो. तो मुंबईतल्या एजंटाला देतो, एजंट तालुक्याच्या सब-एजंटाला, आणि प्रत्येक हात आपला वाटा चढवतो. सब-एजंट हा प्रकारच कायद्यात बसत नाही. १९८३च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करणं गुन्हा आहे. पण त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड किती, तर दोन हजार रुपयांपर्यंत. ही रक्कम १९८३ साली ठरली. एका मुलाकडून लाखभर घेणाऱ्याला या दंडाची भीती का वाटावी?

यातलाच सगळ्यांत घातक माल म्हणजे 'आझाद व्हिसा'. 'कफीलकडे नुसतं नाव, काम कुठेही कर' असं सांगून तो जास्त पैशाला विकतात. असा व्हिसा कुठल्याही आखाती देशाच्या कायद्यात नाही. कागदावर एका मालकाचा आणि कामाला दुसऱ्याकडे, असा माणूस तपासणीत सापडला की दंड, कोठडी आणि परत रवानगी. साईटवर अपघात झाला तर ज्याच्याकडे काम करत होता तो म्हणतो हा माझा नाही, आणि ज्याच्या नावावर आहे तो म्हणतो हा माझ्याकडे कधी आलाच नाही. शिवाय कफीलने पळून गेल्याची तक्रार, म्हणजे 'हुरूब', नोंदवली की अकामा निकामी होतो आणि पगार मागायला जायचीही सोय राहत नाही.

व्हिसाचा कागद हातात आला की त्यावरचा हुद्दा वाचून घ्यावा. तो अरबीत असतो आणि तोच खरा. एजंटाने तोंडी सांगितलेला नव्हे. 'साइक खास' म्हणजे घरचा ड्रायव्हर, 'आमिल' म्हणजे मजूर, 'राई' आणि पुढे मेंढ्यांचा शब्द असेल तर मेंढपाळ. ड्रायव्हर म्हणून नेलेला मुलगा वाळवंटात मेंढ्यांमागे लागतो तो या एका शब्दामुळे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारी साधनं आता फुकट आहेत, शिवाय प्रत्येक वाडीत आखातातून परत आलेलं कुणी ना कुणी असतंच. पाच मिनिटांचं काम आहे. घरच्या कामाच्या व्हिसाबाबत आणखी एक गोष्ट. सौदीत १४ मार्च २०२१पासून मालक बदलण्याचे आणि रजेवर जाण्याचे नियम सैल झाले, पण घरचे ड्रायव्हर, स्वयंपाकी, घरकामगार यांना ती सवलत मिळाली नाही. कुवेतमध्येही घरकामगारांचा कायदा वेगळा आहे. म्हणून पगार सारखा असला तरी कंपनीचा व्हिसा आणि घरचा व्हिसा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सरकारचं संरक्षणाचं जाळं आहे, पण त्याची वीण नेमकी आपल्या मुलांसाठी विरलेली आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', म्हणजे ईसीआर, असा शेरा असतो. असा माणूस सौदी, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाणार असेल तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर मालकाची, एजंटाची आणि कराराची नोंद होऊन परवानगी लागते. त्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे: दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. मालक बदलला तरी हा विमा चालू राहतो. इतक्या स्वस्तात इतकं मोठं संरक्षण दुसरीकडे सहसा मिळत नाही. पण दहावी पास झालेल्याला ही परवानगीच लागत नाही, त्यामुळे त्याचा करार कुठे नोंदत नाही आणि विम्याची सक्तीही उरत नाही. कोकणातली आजची बहुतेक मुलं दहावी झालेली असतात. काम मात्र शटरिंगचं आणि स्टील फिक्सिंगचंच करतात. शिक्षण वाढलं आणि संरक्षण गेलं, हा कायद्याचा उलटा न्याय आहे.

दुसरं भोक व्हिजिट व्हिसाचं. ईसीआर पासपोर्टवाला फिरायला जातो म्हटलं तर परवानगी लागत नाही. 'आधी व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देतो' असं एजंट सांगतो ते ही परवानगी चुकवण्यासाठीच. ईसीआर पासपोर्टवर या देशांत घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान ३० असावं आणि तिची भरती सरकारी संस्थेमार्फतच व्हावी, असा नियम आहे. तोही व्हिजिट व्हिसाने सहज टाळला जातो. तिकडे पोहोचल्यावर तिच्याकडे ना करार असतो, ना ती इथल्या कुठल्या नोंदीत असते. थायलंडमध्ये 'डेटा एन्ट्री'ची नोकरी म्हणून नेलेली मुलं म्यानमारच्या हद्दीतल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोहोचली, तीही याच वाटेने.

मेडिकलविषयी थोडं, कारण पैसे बुडण्याची ती मोठी जागा आहे. आखाती देशांची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या केंद्रांतच होते. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचा डाग दिसला, आजार बरा होऊन दहा वर्षं झाली असली तरी, 'अनफिट' होण्याची शक्यता मोठी. कावीळ ब आणि क, एचआयव्ही यांचीही तपासणी असते. लोक काय करतात? आधी एजंटाला बयाणा देतात, हातातली नोकरी सोडतात, आणि मग मेडिकलला जातात. क्रम उलटा हवा. तालुक्याच्या गावी स्वतःच्या पैशाने छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासून घ्यावं, मगच पुढचं पाऊल. 'अनफिटचं फिट करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नये, कारण तिकडे उतरल्यावर तपासणी पुन्हा होते आणि तिथे नापास झालेला माणूस पुढच्या विमानाने परत येतो.

करारात एकूण पगाराआधी 'बेसिक' बघावा. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाचे २१ दिवस. १,२०० दिरहम सगळा बेसिक असेल तर पाच वर्षांनी ४,२०० दिरहम मिळतात. तोच पगार ६०० बेसिक आणि ६०० भत्ते असा फोडला तर २,१००. ओव्हरटाइमही बेसिकवरच निघतो, त्यामुळे तोही अर्धा होतो. कतारसाठी तर सरळ कसोटी आहे. मार्च २०२१पासून तिथे किमान पगार महिना १,००० रियाल आहे, आणि मालकाने राहण्याची सोय केली नाही तर ५०० व जेवण दिलं नाही तर ३०० वेगळे. कुणी ८०० रियालचं ऑफर लेटर दाखवलं तर पुढे बोलायचं कारण नाही. मुंबईत १,५०० रियालच्या करारावर सही आणि तिकडे उतरल्यावर १,०००च्या अरबी करारावर सही, हा प्रकार जुना आहे. सौदीत करार आता 'कीवा' या सरकारी प्रणालीवर चढतो आणि कामगाराला तो मोबाइलवर बघून नाकारता येतो. हे जाण्याआधी माहीत असलं तरच उपयोगाचं. तिथे गेल्यावर कर्ज मानगुटीवर असतं आणि माणूस मिळेल त्यावर सही करतो.

घरच्यांनी चार गोष्टींचे फोटो आपल्या फोनमध्ये ठेवावेत: पासपोर्ट, व्हिसा, सही केलेला करार, एजंटाची पावती. तिकडे गेल्यावर अकामा किंवा सिव्हिल आयडी (तिकडचं ओळखपत्र) मिळाला की त्याचाही. काही झालं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करताना किंवा १८०० ११ ३०९० या निःशुल्क क्रमांकावर बोलताना पहिल्यांदा हेच विचारतात. 'तो दमामला कुठेतरी आहे' एवढ्यावर दूतावासाला माणूस शोधता येत नाही. अडकलेल्याच्या तिकिटाला किंवा मृतदेह आणायला दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी २००९पासून आहे. तो मागावा लागतो, आपण होऊन येत नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून जास्त भारतीय गेले. अशा वेळी ओळख पटवण्यापासून भरपाईपर्यंत प्रत्येक पायरी कागदावर चालते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, सर्वांत मोठा, केरळचा १९.७. यात अमेरिकेतून मुंबई-पुण्यात येणारा पैसाही आहे, सगळा कोकणाचा नव्हे, हे मान्य. पण कोकणाचा किती, हे सांगायला मोजणी हवी. केरळमध्ये १९९८पासून ठरावीक वर्षांनी घरोघर पाहणी होते: कोण गेलं, कुठे, किती खर्चून, आणि परत येऊन काय करतं. रत्नागिरी-रायगडात ती सुरू करायला अडचण कोणती? दुसरी मागणी जिल्हा बँकेकडे आणि पतसंस्थांकडे. ई-मायग्रेटवर नोंदलेली ऑफर आणि परवानाधारक एजंटाची पावती तारण धरून ४०,००० रुपयांचं कर्ज द्यावं. तीन टक्के महिना हा दर मोडला की सब-एजंटाचा अर्धा धंदा मोडतो, कारण गावात सावकार आणि सब-एजंट पुष्कळदा हातात हात घालूनच चालतात. जाण्याआधीचं एक दिवसाचं सरकारी प्रशिक्षण मराठीत आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये व्हावं. आणि दहावीची अट काढून, कामाच्या प्रकारावरून संरक्षण ठरावं.

शेवटची विनंती आपल्याकडे, म्हणजे मराठी वर्तमानपत्रांकडे. छोट्या जाहिरातींच्या पानावर 'दुबई-सौदी, हेल्पर-ड्रायव्हर, फ्री व्हिसा, त्वरित संपर्क' आणि खाली एक मोबाइल नंबर, अशा जाहिराती रोज येतात. गावातला मुलगा त्या विश्वासाने वाचतो, कारण त्या पेपरात छापून आलेल्या असतात. परवानाधारक भरती एजंटाकडे सरकारने दिलेला नोंदणी क्रमांक असतो आणि तो ई-मायग्रेटवर कुणालाही तपासता येतो. हा क्रमांक नसलेली परदेशी नोकरीची जाहिरात आपण स्वीकारू नये. चार ओळींच्या जाहिरातीत त्याला एकच ओळ लागते.

आपला,
एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)